पांढऱ्या अळीची वाट पाहू नका

गेल्या पंधरवड्यापासून झड लागून राहिली आहे, आणि रेशीम उत्पादकांकडून एकच तक्रार कानी येते: चौथी कात टाकून सुखरूप पाल्यावर बसलेल्या अळ्या एकाएकी मंदावतात, खाणे सोडतात आणि मरून खडूच्या कांडीसारख्या ताठ व शुभ्र होतात. हा मस्कारडाइन नावाचा बुरशीरोग होय. तुतीची छाटणी, पाल्याचे माप, चंद्रिकांची तयारी या नित्याच्या गोष्टी आपणांस ठाऊकच आहेत. तूर्त याच एका संकटाचा विचार करणे प्राप्त आहे.

या बुरशीचे बीजाणू अळीच्या त्वचेवर पडतात आणि ओल मिळताच तेथेच अंकुरून आत उतरतात, हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे पाल्यावर नाना औषधे शिंपडून अळ्यांना ताकद आणण्याचा खटाटोप किती व्यर्थ आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. मेलेली अळी प्रथम मऊ असते, मग ताठरते, आणि त्यानंतर एकदोन दिवसांनी तिच्यावर पांढरी भुकटी धरते. रोग पसरतो तो या भुकटीतून. तोवर ते प्रेत इतर अळ्यांना फारसे घातक नसते. पांढरी अळी नजरेस पडली, याचा अर्थ वेळ आधीच हातची गेली. इटलीतील आगोस्तिनो बास्सी याने वर्षानुवर्षे प्रयोग करून १८३५ साली हाच रोग सजीव बुरशीमुळे होतो असे सिद्ध केले, आणि प्राण्याच्या रोगाचे मूळ सूक्ष्म जीवात असते याचा तो पहिला सप्रमाण दाखला ठरला. बुरशीचे ब्युव्हेरिया बासियाना हे नाव त्याच्यावरूनच पडले.

हेच नाव कृषी सेवा केंद्रातील जैविक कीटकनाशकाच्या डब्यावर वाचावयास मिळते, आणि येथे मला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. एका उत्पादकाने संगोपनगृहास लागून असलेल्या तुरीवर तो डबा मोठ्या विश्वासाने फवारला, त्याच पंपाने व त्याच कपड्यांनिशी तो आत वावरला, आणि दोनशे अंडीपुंजांची बॅच कोषावर येण्याच्या बेतात असताना त्याला ती टोपल्यांनी उचलून जाळावी लागली. डबा वाईट नव्हे; पण तुतीच्या व संगोपनगृहाच्या आसपास त्याला थारा देऊ नये, आणि शेजाऱ्यासही तशी विनंती करावी.

आता ओलीविषयी. प्रौढ अळ्यांना सुमारे २४ ते २५ अंश तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता पुरते. झडीत बंद शेडमधील काटा ९० वर जातो, तरी उन्हाळ्यातली ओली गोणपाटे खिडक्यांवर तशीच लोंबत असलेली मी याच आठवड्यात पाहिली आहेत. ती आजच उतरवा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, जाळ्या मात्र काढू नका. भिजलेला पाला पाणी निथळून सुकल्याखेरीज रॅकवर घालू नका. बिछाना विरळ ठेवा, आणि पाल्याच्या आधी त्यावर कोरड्या विरलेल्या चुन्याची पातळ धुरळणी करा. कात टाकून झाल्यावर शिफारशीचे शय्यानिर्जंतुक वापरून अर्ध्या तासाने पाला द्यावा.

कडुनिंबाचा धूर, गुग्गुळ, गोमूत्राचे शिंतोडे, हळद: या उपायांवर दवडलेला प्रत्येक दिवस बुरशीच्या पथ्यावर पडतो. बॅच उठल्यावर भिंती, छत, जमीन व रॅक धुऊन, १०० लिटर पाण्यात २ किलो ब्लीचिंग पावडर व ३०० ग्रॅम विरलेला चुना मिसळून, सर्व पृष्ठभाग निथळेपर्यंत भिजवावेत. द्रावण त्याच दिवशी संपवावे. महिनोन्‌महिने उघड्या तोंडाने पडलेल्या गोणीतील पावडरीत क्लोरिन उरलेला नसतो. तिने केलेले निर्जंतुकीकरण म्हणजे निव्वळ पाण्याचा सडा.

मृत अळ्या खिडकीबाहेर उकिरड्यावर टाकण्याची सवय तर अक्षम्य आहे. चिमट्याने उचलून चुना-ब्लीचिंगच्या भांड्यात टाकाव्यात, नंतर जाळाव्यात किंवा खोल पुराव्यात. किती निघाल्या याची नोंद वहीत रोज ठेवावी, म्हणजे आकडा चढतो की उतरतो ते कळेल. उद्या सकाळच्या पाल्यापूर्वी विजेरी घेऊन रॅकचा सर्वांत खालचा मजला आधी पाहा, आणि जी अळी स्पर्श करूनही हलत नाही ती पांढरी होण्यापूर्वीच बाहेर काढा. यात हयगय करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.