गाणं ऐकायचं की नाव?

ताईंनो, साकोली असो की तुमसर, मेळाव्यासाठी गाणारी निवडताना कधीकधी नाव ऐकूनच विचारतात, "तुम्हाला भजन जमेल का?" ती ताई न गाताच घरी जाते, मग बैठकीलाही येत नाही. बचत तुटते ती वेगळीच.

बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख (१९१६–१९६९). संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या आवाजानं गाजल्या.

परदेशात काही वाद्यवृंद निवडीच्या वेळी वादकापुढे पडदा लावतात. आपणही नावाऐवजी नंबर द्यावा, परीक्षक पाठमोरे बसवावे. सूर, ताल, उच्चार, पाठांतर यांचे गुण आधीच ठरावात लिहावे. परीक्षक बाहेरगावचे बरे, गावातले तर खोकल्यावरूनही ओळखतात!

धर्मामुळे डावललं असं वाटलं, तर आधी गुणपत्रक मागा. गुण खरंच कमी पडले असतील तर तेही कळेल. गुणपत्रकच नसेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत विषय मांडा, एकटीनं नाही, गटासोबत. कार्यक्रम सरकारी असेल तर लेखी अर्ज द्या. संविधानाच्या कलम १५ नुसार शासनाला धर्मावरून भेदभाव करता येत नाही.

आणि गटाच्या अध्यक्षांनी पुढच्या बैठकीआधीच त्या ताईच्या घरी जाऊन यावं.