गावाचं नाव नको, उंची विचार

अगं, दिवाळीच्या सुट्टीत माणसं घेऊन मनालीला निघते आहेस, तर पहिला प्रश्न कोणता येणार ते आत्ताच ऐकून ठेव. 'बर्फ मिळेल ना?' पैसे भरताना विचारतील, चंदीगडला गाडीत बसताना विचारतील, मंडीला जेवायला थांबलीस की पुन्हा विचारतील. त्यांचंही बरोबर आहे. सोलापूरहून उठून माणूस तिथवर जातो तो काही सफरचंदाच्या बागा मोजायला नाही. पण उत्तर देताना तू गावाचं नाव घेऊ नकोस. ऑक्टोबर संपताना किंवा नोव्हेंबरात 'मनालीत बर्फ आहे का' या प्रश्नातून काही हाती लागत नाही. बर्फ किती फुटांपर्यंत उतरलाय, हे विचारायचं आणि लोकांनाही तेच सांगायचं.

त्यासाठी उंच्या पाठ हव्यात. तिकडचे ड्रायव्हर फुटांत बोलतात, म्हणून फुटांतच सांगतो. भुंतर, जिथे विमान उतरतं, ते ३,६०० च्या आसपास. मनाली ६,७००. सोलंग साधारण ८,४००. अटल बोगद्याचं मनालीकडचं तोंड १०,००० च्या जरा वर. मढी ११,०००. रोहतांग १३,०००. भुंतर ते रोहतांग रस्त्याने शंभरेक किलोमीटर, पण चढ जवळजवळ साडेनऊ हजार फुटांचा. एवढ्या चढात हवा एकोणीस-वीस अंशांनी गार होते. म्हणून एकाच ढगाखाली भुंतरला छत्री उघडावी लागते आणि रोहतांगला फावडं.

आता हिशेब. हजार फुटाला दोन अंश, एवढं लक्षात ठेव. हवा वर चढली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना गार होते. दुपारच्या कोरड्या कडक उन्हात हा आकडा तीनपर्यंत जातो, पण ढग उतरून पाऊस लागला असेल तेव्हा दोनच धर.

समज, मनालीत पाऊस पडतोय आणि हॉटेलच्या सावलीतल्या थर्मामीटरवर आठ अंश आहेत. आठ अंश म्हणजे चार हजार फूट. ६,७०० मध्ये चार हजार मिळव, म्हणजे १०,७०० वर शून्य. पण बर्फ शून्याच्या रेषेवर थांबत नाही. पाकळ्या पडता पडता वितळतात, त्याला वेळ लागतो, तोवर आणखी सात-आठशे फूट खाली आलेल्या असतात. म्हणजे बर्फ साधारण दहा हजारांपर्यंत. बोगद्याच्या तोंडाशी पांढरं, सोलंगला पाऊस, आणि मनालीत तुझी माणसं खिडकीत बसून चहा पिणार. तेच मनालीत चार अंश असतील तर शून्य ८,७०० वर आणि बर्फ आठ हजारांच्या जरा खालीच, म्हणजे सोलंगलाही मिळाला. दोन अंशांवर आलं की मनालीच्या अंगणातच पाऊस की बर्फ अशी ओढाताण सुरू होते.

एक पथ्य पाळ. पाऊस सुरू व्हायच्या आधीचं तापमान धरू नकोस. तेव्हा हवा कोरडी असते. पहिले थेंब त्या हवेत सुकतात आणि सुकताना हवेतली उष्णता घेऊन जातात. अर्ध्या तासात पारा दोन-चार अंश सहज उतरतो. तेवढं थांब, मग थर्मामीटर बघ आणि मग बेरीज कर. आणि थर्मामीटर म्हणजे खरा थर्मामीटर. मोबाइलमधलं ॲप 'मनाली' म्हणून जे दाखवतं त्यात बरेचदा आजूबाजूचा मोठा चौकोन धरलेला असतो, आणि त्या चौकोनात दरीही येते नि पंधरा हजार फुटांची शिखरंही. त्याची सरासरी काढून ते बर्फाचं चिन्ह टाकतं आणि इकडे पुण्यात लोक नाचायला लागतात. ॲपवर पाऊस कधी येणार ते बघ. त्याचा बर्फ कुठे होणार ते तू ठरव.

हा हिशेब एका ठिकाणी फसवतो, तेही सांगतो. पावसाचा जोर वाढला की बर्फाची रेषा आपसूक खाली सरकते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ऐंशी कॅलरी उष्णता लागते आणि ती उष्णता आजूबाजूच्या हवेतूनच जाते. भुरभुर असेल तर फरक पडत नाही. पण तीन-चार तास धो धो ओतला तर हवेतली ऊब खर्च होत जाते आणि ज्या गावात दुपारी पाऊस होता तिथे संध्याकाळी एकाएकी बर्फ सुरू होतो. दरी अरुंद असेल तर हे लवकर घडतं, कारण गार करायला हवाच थोडी असते. मनालीच्या वरची ब्यासची दरी चांगलीच चिंचोळी आहे, भुंतर-कुल्लूकडे ती रुंद होते. म्हणून पाऊस जोरात असेल, मनालीत तीन-चार अंश असतील आणि तुझी माणसं वर सोलंगला खेळत असतील, तर 'अजून थोडा वेळ' म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.

वर आणि खाली किती फरक पडू शकतो ते बघायचं असेल तर सप्टेंबर २०१८ आठव. २२ ते २४ तारखांना परतीच्या पावसाची ओल आणि पश्चिमेकडून आलेली थंड हवा एकत्र आली. मनालीत ब्यासला पूर आला, काठावरचे रस्ते खचले. तोच पाऊस डोंगरापलीकडे लाहौल-स्पितीत बर्फ होऊन पडला, आणि तोही सप्टेंबरात, जेव्हा कोणी बर्फाचे कपडे घेऊन गेलेलं नव्हतं. शेकडो प्रवासी अडकले, काहींना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने काढावं लागलं. नेपाळात २०१४ च्या ऑक्टोबरात याहून वाईट झालं. विशाखापट्टणमला धडकलेलं हुदहुद चक्रीवादळ उत्तरेकडे सरकत गेलं आणि १४ तारखेला अन्नपूर्णा परिसरात, ५,४१६ मीटरच्या थोरोंग खिंडीच्या आसपास, त्याचं हिमवादळ झालं. चाळीसहून जास्त माणसं गेली. तो तिथला ट्रेकिंगचा ऐन हंगाम होता. सुरुवातीचा बर्फ थोडाच पडतो असं जे म्हणतात त्यांना या दोन तारखा सांग.

पण तुला बहुतेक वेळा काळजी करावी लागेल ती उलटीच. बर्फ पडणारच नाही. उंची पाण्याचं रूप ठरवते, पाणी आणत नाही. ते आणतात पश्चिमी विक्षोभ, भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानवरून सरकत येणारे. पावसाळा संपल्यापासून डिसेंबरपर्यंत ते क्वचित आणि दुबळे येतात. हिमाचलात वर्षातला सगळ्यात कोरडा काळ हाच, नेमका आपल्या दिवाळीचा. आभाळ निळंभोर, शिखरं लखलखीत आणि रोहतांगला रस्त्याकडेला मळलेला एखादा ढिगारा. विक्षोभ येत असेल तर हवामान खातं चार-पाच दिवस आधी सांगतं. तुला स्वतःला ओळखायचं असेल तर उंचावर पिंजलेले पातळ ढग, सूर्याभोवती खळं आणि त्यानंतर एक उबदार रात्र, एवढं पुरे.

हो, उबदार. इथे आपली माणसं हमखास गोंधळतात. सकाळी मनालीत गाडीच्या काचेवर पांढरा थर दिसला की 'आज पडणार बघा' म्हणतात. उलट आहे. ती थंडी निरभ्र आभाळाची असते. रात्री जमीन उष्णता सोडते, वर ढग नसल्यामुळे ती निघून जाते, आणि गार झालेली जड हवा उतारावरून वाहत दरीच्या तळाशी साचते. अशा पहाटे दरीतलं गाव वरच्या उतारापेक्षा जास्त गारठलेलं असतं आणि तुझा हजार फुटाला दोनचा हिशेब पार उलटतो. हे बघायला हिमाचलात जायचीसुद्धा गरज नाही. महाबळेश्वरला डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या जेट्टीवर, लिंगमळ्याच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर दहिवर गोठतं, पेपरात फोटो येतात, आणि त्याच पहाटे वर बाजारपेठेत आठ-दहा अंश असतात. कारण तेच, तलाव खोलगट भागात आहे. त्याला कोणी बर्फवृष्टी म्हणालं तर हसू नकोस, फक्त मनालीत तो गोंधळ करू देऊ नकोस. ढग आले की ती उलटी रचना मोडते आणि रात्र दोन-चार अंशांनी सुखाची होते. तेव्हा हॉटेलवाल्याला विचार, वर काय चाललंय.

बर्फ पडणं आणि बर्फ टिकणं यांत फरक आहे. सुरुवातीच्या हंगामात जमिनीत अजून उन्हाळ्या-पावसाळ्याची ऊब शिल्लक असते. मनालीत पडला तर तो आधी दिसेल गवतावर, गाडीच्या टपावर, लाकडी कठड्यांवर, देवदारांच्या फांद्यांवर. डांबरावर पडताक्षणी पाणी. लोक निराश होतात, पण तुझ्या कामाचा बर्फ तोच आहे, कारण डांबरावर तो धरायला लागला की रस्ता गेलाच म्हणून समज. पुलांकडे आधी लक्ष दे. त्यांच्या खालूनही वारा जातो, ते लवकर गार होतात. आणि सावलीच्या वळणांकडे. दिवसभर वितळलेलं पाणी चारनंतर तिथे गोठतं, वरून नुसती ओल दिसते. ड्रायव्हर म्हणतील 'पाला है', तेव्हा वाद न घालता गाडी वळवायची. बोगद्यापलीकडे गेलात तर ऊन असेतोवर अलीकडे परत यायचं.

पहिला बर्फ वजनालाही जड असतो. शून्याच्या आसपास पडलेला, ओला. जानेवारीतला कोरडा बर्फ फुंकरीने उडतो, हा चिकटतो. २०१८ आणि २०१९ मध्ये काश्मीरच्या खोऱ्यात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच असा बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांवर पानं अजून होती, पानांनी बर्फ धरला आणि फांद्या मोडून पडल्या. खेळायला मात्र हाच बर्फ चांगला, गोळे छान होतात. फक्त कपडे भिजतात. मनालीच्या वरच्या रस्त्यावर नंबर घातलेली भाड्याच्या कोट-बुटांची दुकानं लागतील, तिथे कोट कसाही घे पण बूट आतून हात घालून कोरडे आहेत का ते बघ.

आता बोगदा. ऑक्टोबर २०२० पासून तो सुरू आहे, नऊ किलोमीटरचा. दोन्ही तोंडं जवळपास सारख्याच उंचीवर, पण हवा वेगवेगळी. मनालीकडची बाजू ओलाव्याची, ढग डोंगराला अडून इकडेच रिकामे होतात. पलीकडे लाहौल, पावसाच्या सावलीतला मुलूख. तिथे पडतो कमी, पण हवा कोरडी आणि गार, म्हणून जो पडतो तो टिकतो. विक्षोभ येऊन दोन दिवस झाले असतील तर अलीकडे चिखल आणि पलीकडे सिस्सू गावाच्या सावलीतल्या उतारांवर पांढरं, असं पुष्कळदा सापडतं. विक्षोभ चालू असताना मात्र पलीकडे जाऊ नकोस. तिकडून परतीचा रस्ता पोलिसांनी बंद केला तर नऊ किलोमीटर म्हणजे दुसरा देश.

ढग निवळल्यावर पहाटे गच्चीवर जा आणि डोंगराकडे बघ. दोरी धरून चुना टाकावा तशी पांढऱ्याची खालची कड सरळ दिसते. ती भूर्जांच्या, म्हणजे झाडं संपत येतात त्या पट्ट्यात असेल तर अकरा-बारा हजार. देवदारांत शिरली असेल तर आठ हजार किंवा त्याहून खाली. ड्रायव्हरला काही विचारण्याआधी तुला कळलेलं असेल, आज सोलंग, बोगदा की मढी. रोहतांगचा परवाना लागतो आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर तो रस्ता धरून चालू नकोस. शिवाय मनालीहून एका सकाळीत सहा हजार फूट चढल्यावर आजी-आजोबांना धाप लागते. त्यांना बोगद्यापलीकडचं सिस्सू बरं, तीन हजार फूट कमी आणि चहाची सोय आहे.

आणि आठवडा कोरडा गेला तर? सिस्सूला सावलीतल्या ओढ्याच्या कडेने सकाळी पातळ बर्फ धरलेला असतो, पोरं त्यावरही खूश होतात. मोठ्यांना शिखरं दाखव. पण हे सगळं मनालीत पोचल्यावर सांगू नकोस. पुण्यातच, पैसे घ्यायच्या आधी सांग, की मनालीत बर्फाची खात्री नाही, दहा हजार फुटांवर असला तर तिथवर नेईन, आणि तिथे रस्ता चालू असेल तरच.