मेलेल्या स्थपतीला विचारायचे पाच प्रश्न

बाळा, तुझ्या टोळीला राक्षस मारायचा कंटाळा आलाय आणि आता तुला खुनाचा तपास चालवायचाय, याचा मला फार आनंद झाला. पण एक ध्यानात ठेव. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ 1974 साली युद्धखेळांच्या पोटातून आला, म्हणून त्याचे बहुतेक नियम मारामारीचे. तपासाची आखणी गेम मास्टरलाच करावी लागते.

जागा लांब शोधू नकोस. आपलं अंबरनाथचं शिवमंदिर बघ: वालधुनीचा काठ, शके 982 म्हणजे 1060 सालचा शिलालेख, आणि सभामंडपातून पायऱ्या उतरून जावं लागतं असा खोल गाभारा. काम छित्तराज राजानं सुरू केलं आणि मुम्मुणी राजाच्या काळात पुरं झालं, असं अभ्यासक मानतात. असंच एक मंदिर तुझ्या राज्यात बांध. प्रतिष्ठेच्या पहाटे गाभाऱ्यात कमरेइतकं गढूळ पाणी आणि त्यात मुख्य स्थपतीचं प्रेत. सगळे म्हणतात, रात्री नदी चढली, बिचारा बुडाला.

तो बुडाला नाही, हे कळल्याशिवाय गोष्ट पुढे सरकणार नाही. मग हे एवढं एक सत्य तीन वाटांनी सापडू दे. पाणी गढूळ, पण त्याच्या नाकातोंडात गाळाचा कण नाही. गाभाऱ्याच्या दाराला कडी बाहेरून. आणि गुरव सांगतो, मध्यरात्री हाक मारली तेव्हा आतून ओ आली नाही, अन् तेव्हा फरशी कोरडी होती. एक खूण मुलं बघणारच नाहीत, दुसरीचा भलताच अर्थ लावतील, तिसरी कामाला येईल. आणि कृपा करून यासाठी फासे टाकायला लावू नकोस. जो वाकून प्रेताचं तोंड बघेल, त्याला ते दिसलंच पाहिजे. फासा टाकायचा तो पुढच्या गोष्टीसाठी: गुरवाला कुणी पैसे चारले हे तो बोलतो का, आणि चौकशीची कुणकुण खुन्याला लागते का. खूण सापडणं ही सुरुवात आहे. तिचा अर्थ काय यावर पोरं भांडतात, तोच खरा खेळ.

मंत्रांना घाबरू नकोस, बंदी तर मुळीच घालू नकोस. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मृताशी बोलायचा मंत्र आहे, पण प्रश्न फक्त पाच, आणि प्रेताला जिवंतपणी ठाऊक होतं तेवढंच ठाऊक. स्थपतीवर वार मागून झाला असेल, तर तो ज्याच्याशी भांडला होता त्याचं नाव घेईल. अगदी मनापासून, आणि चुकीचं. सत्य वदवणाऱ्या मंत्राच्या कक्षेतही माणूस गप्प राहू शकतो, अर्धंच सांगू शकतो. खेळाडूनं मंत्र कमावलाय, त्याला त्याचं फळ मिळालंच पाहिजे. फक्त ते फळ म्हणजे नवा प्रश्न असू दे.

संशयित उभे करताना उल्हासनगर आठव. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथं सिंधमधून आलेली कुटुंबं, 1949 मध्ये मिळालेलं नवं नाव. आजही पत्त्यात कॅम्प आणि बॅरॅकचे आकडे असतात. जिथं सगळेच घरदार मागे टाकून आले, तिथं एखादा आपलं जुनं नाव पुसून राहू शकतो, कारण ते सांगणारा शेजारी दूर राहिलेला असतो. पण असं गाव रंगवताना प्रत्येकाच्या दुःखाला जागा ठेव. निर्वासित म्हणजे आपोआप संशयित, असं तुझ्या टेबलावर होता कामा नये.

संशयित फार झाले तर पाणी आण. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, आत हजारावर प्रवासी. तसंच तुझं मंदिराचं गाव पुरानं वेढून टाक. कुणी आत येत नाही, कुणी बाहेर जात नाही. मग सात माणसं पुरेत.

शेवटचं, आणि हे आधी लिहून काढ: कुणीच अडवलं नाही तर खुनी रोज रात्री काय करेल. पहिल्या रात्री हिशेबाची वही जाळेल, दुसऱ्या रात्री गुरवाला गाठेल, तिसऱ्या रात्री होडी मिळवेल. पोरांनी चुकीचा माणूस पकडला तर त्यांना थांबवू नकोस, डोळ्यानं खूणही करू नकोस. पकडलेला कोठडीत असतानाच गुरव नाहीसा होऊ दे, आणि पुढं काय करायचं ते त्यांना विचार.