मूल सांभाळणं अशक्य झालं तर?

प्रश्न : नवरा सोडून गेला. पदरात तान्हं बाळ, हाताला काम नाही. बाळाला कुठे ठेवून आले तर गुन्हा होईल का?
– एक आई, वाढवण (ता. डहाणू)

उत्तर : ताई, बाळाला उघड्यावर सोडू नका, तो गुन्हा ठरू शकतो. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 35 नुसार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे बाळ रीतसर सोपवता येतं. समिती आधी चौकशी आणि समुपदेशन करते. सोपवल्यानंतरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. मात्र अडचण फक्त पैशांची असेल, तर आधी बालसंगोपन योजनेसाठी अर्ज करा. त्यात मूल तुमच्याजवळच ठेवून दरमहा 2250 रुपये मिळू शकतात. आजच 1098 या बाल हेल्पलाइनवर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.