भाषा आणि बोली यांचा निवाडा : सर्बियन, जपानी आणि अहिराणी

‘अहिराणी ही मराठीची एक बोली होय’ हे विधान पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत इतक्या निःशंकपणे येते, की त्यास पुरावा द्यावा लागतो याचेही भान विद्यार्थ्यांस राहत नाही. उलट पक्षी, चर्चासत्रांत अहिराणीचे अभिमानी ग्रियर्सनचा दाखला देतात व अहिराणी ही स्वतंत्र भाषा असल्याचे सांगतात. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मात्र एकमत असते. व्याकरणाची तुलना केली की प्रश्न सुटेल, असे दोघांनाही वाटते. हे गृहीत कितपत टिकते, ते तपासण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. घरच्या वादात तटस्थ राहणे कठीण असल्यामुळे प्रारंभी आपल्यापासून दूरच्या दोन भाषांचा आधार घेतला आहे.

सर्बियन आणि जपानी यांचा परस्परांशी कसलाही कुलसंबंध सिद्ध झालेला नाही. मात्र मराठीच्या अभ्यासकाने या दोहोंकडे पाहिले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. सर्बियन ही इंडो-युरोपीय कुलातील असल्याने ती मराठीची दूरची आप्त होय. तिच्यातील ‘द्वा, त्री, चेतिरि’ हे अंक ऐकताच संस्कृतच्या अभ्यासकास ओळख पटते. सुनेला तेथे ‘स्नाहा’ म्हणतात, दिराला ‘देवेर’. संस्कृतातील ‘स्नुषा’ व ‘देवृ’ यांचीच ही सर्बियन भावंडे. मराठीप्रमाणे तीन लिंगेही तिने जपली आहेत. असे असूनही सर्बियन वाक्य मराठी माणसास परके वाटते. आपण ‘घरात’ म्हणतो, ते तेथे ‘उ कुची’, म्हणजे ‘आत घर’ अशा क्रमाने येते.

जपानीची स्थिती नेमकी याच्या उलट आहे. तिचा आपल्याशी रक्ताचा संबंध नाही, पण क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि संबंधदर्शक शब्द नामाच्या मागून येतो. ‘ताबेते मिरु’ या प्रयोगात ‘ताबेते’ म्हणजे खाऊन आणि ‘मिरु’ म्हणजे पाहणे; अर्थ ‘खाऊन पाहणे’. चव घेण्याच्या क्रियेसाठी ‘पाहणे’ वापरण्याची ही लकब आपल्याला शिकवावी लागत नाही. कॉलिन मासिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात अशी लक्षणे भारतापासून पार जपानपर्यंत कशी पसरली आहेत, याचा आलेख मांडला आहे. तात्पर्य, साम्य वेगळे आणि नाते वेगळे. शब्दांची उसनवारी ही आणखी तिसरीच गोष्ट. जपानी माणूस ‘इचि, नि, सान’ असे मोजतो तेव्हा तो मूळच्या चिनी शब्दांनी मोजत असतो. त्याचे स्वतःचे ‘हितोत्सु, फुतात्सु’ निराळे आहेत. म्हणून कोणी जपानीला चिनीची बोली म्हणत नाही.

हा विवेक अहिराणीच्या बाबतीत आपण पाळलेला नाही. अहिराणीतील बहुसंख्य शब्द मराठीचे आहेत म्हणून ती मराठी, हा युक्तिवाद ‘इचि, नि, सान’वरून जपानीस चिनी ठरवण्याइतकाच कच्चा आहे. शब्द बाजूला ठेवून रूपे पाहू. मराठीच्या ‘माझा, तुझा, घराचा’ यांच्या जागी अहिराणीत ‘मना, तुना, घरना’ येतात. ‘घरात’ याला ‘घरमा’ म्हणतात. येथे प्रत्यय बदलला एवढेच नव्हे. ‘घर’चे सामान्यरूप ‘घरा’ करण्याची मराठीची रीतच येथे दिसत नाही. प्रत्यय मूळ शब्दास थेट लागतो. गुजरातीत ‘घरनो’, ‘घरमां’ असेच होते. ‘आहे’ला अहिराणीत ‘शे’, गुजरातीत ‘छे’. मराठीत पुरुष ‘करतो’ व स्त्री ‘करते’. अहिराणीत ‘तो करस’ आणि ‘ती करस’, म्हणजे क्रियारूप लिंगानुसार बदलत नाही. ‘मी करीन’ऐवजी ‘मी करसू’. सर्वांत बोलका पुरावा भूतकाळाचा आहे. ‘गेला, आला, बसला’ यांतील ‘ल’ ही मराठीची मोठी खूण मानली जाते. अहिराणीत याच क्रियांची रूपे ‘गया, उना, बठना’ अशी होतात.

भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात ग्रियर्सनने १९०७ च्या नवव्या खंडातील तिसऱ्या भागात खानदेशीला भिल्ली भाषांच्या सोबत बसविले, मराठीच्या सातव्या खंडात नव्हे. यामागे अशाच रूपांचा विचार होता. तथापि या पुराव्याने हुरळून जाऊ नये. चतुर्थीचा ‘ले’ (‘माले, तुले’) गुजरातीत नाही. तो वऱ्हाडीत आहे. ‘काळा’चा ‘काया’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ हा उच्चार तर लेवा गणबोलीतही सर्रास आढळतो. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी ‘अहिराणीतील’ असल्याचे अनेक जण लिहितात, ते या ध्वनिसाम्यामुळेच असावे. वस्तुतः ती आसोद्याच्या परिसरातील लेवा गणबोलीत आहेत, आणि षष्ठीचा ‘चा’ व भूतकाळाचा ‘ल’ हे दोन्ही त्या बोलीत असल्याने तिचे मराठीपण निर्विवाद आहे. उच्चाराची लकब शेजारधर्माने सीमा ओलांडते. रूपांची चौकट तितक्या सहजी ओलांडत नाही. या कसोटीवर अहिराणीचा मूळ सांगाडा मराठीपेक्षा गुजरातीच्या अधिक जवळचा आणि त्यावर मराठीचे दीर्घकालीन संस्कार, हे मत मला ग्राह्य वाटते.

पण मग अहिराणी ‘भाषा’ ठरली काय? येथे सर्बियन आणि जपानी पुन्हा साहाय्यास येतात, आता त्यांच्या व्याकरणासाठी नव्हे, तर इतिहासासाठी.

वुक कराजिच याने १८१४ मध्ये सर्बियन लोकभाषेचे व्याकरण आणि १८१८ मध्ये कोश सिद्ध केला. चर्चच्या जुन्या स्लाव्ह वळणाची ग्रांथिक भाषा दूर सारून शेतकऱ्यांची बोली त्याने लेखनात आणली; जसे बोलावे तसे लिहावे हे त्याचे सूत्र होते. १८५० मध्ये व्हिएन्ना येथे सर्ब व क्रोएट विद्वानांनी एकाच सामाईक वाङ्मयभाषेचा पुरस्कार केला, आणि पुढे युगोस्लाव्हियात ‘सर्बो-क्रोएशियन’ हे नाव रूढ झाले. १९९१ पासून ते राष्ट्र फुटत गेले आणि त्याच भाषेची सर्बियन, क्रोएशियन, बॉस्नियन अशी नावे झाली. २००७ च्या संविधानाने माँटेनिग्रिननेही राजभाषेचे स्थान मिळविले. पावाला सर्ब ‘ह्लेब’ म्हणतो आणि क्रोएट ‘क्रुह’. परंतु दोघांना दुभाष्या लागत नाही. यांच्यातील अंतर मराठी-अहिराणीतील अंतरापेक्षा निश्चित कमी आहे. तरीही त्या भाषा आहेत.

जपानात उलट घडले. र्‍युक्यूचे राज्य १८७९ मध्ये जपानने ओकिनावा प्रांत म्हणून सामील करून घेतले. तेथील भाषा जपानीच्या नात्यातील असली तरी टोकियोच्या माणसास ती कळत नाही. जपानी ‘कोकोरो’ (हृदय) ओकिनावात ‘कुकुरु’ होतो, ‘आमे’ (पाऊस) ‘आमि’ होतो. म्हणजे फरक आहेत ते नियमबद्ध आहेत, अपभ्रष्ट नव्हेत. पण शासनाने तिला ‘होगेन’, म्हणजे बोली, ठरविले. शाळेत ती बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. आपल्यासारखे बोलणारा दुसरा मुलगा सापडेपर्यंत ती त्याच्या गळ्यातून उतरत नसे. युनेस्कोने २००९ च्या आपल्या नकाशात ओकिनावी, मियाको, याएयामा इत्यादींना स्वतंत्र पण संकटग्रस्त भाषा म्हणून नोंदविले, तोवर त्या बोलणारे बव्हंशी वृद्ध उरले होते.

तेव्हा व्याकरणाची तुलना भाषेचे गोत्र सांगते, दर्जा सांगत नाही. दर्जा ठरतो तो शाळेत, कचेरीत, छापखान्यात आणि जनगणनेच्या तक्त्यात. आपल्या जनगणनेने तर एक गमतीदार विसंगती उभी केली आहे. तिच्या तक्त्यांत अहिराणी मराठीखाली मोजली जात नाही. ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली मोजली जाते. आपले अभ्यासक्रम मात्र तिला ‘मराठीच्या बोली’ या घटकात शिकवितात. २००१ मध्ये खानदेशीची नोंद सुमारे २० लाख ७५ हजार होती. २०११ मध्ये ती १८ लाख ६० हजारांवर आली. लोकसंख्या वाढत असता हा आकडा घटला, याचा अर्थ बोलणारे नाहीसे झाले असा नसून मातृभाषा विचारली असता ‘मराठी’ सांगणारे वाढले असा असावा, असे मला वाटते. धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. त्यांच्या प्रमाण मराठी कवितेचा अभिमान बाळगताना येथील घराघरांतील ‘शे’ आणि ‘ना’ आपण उंबऱ्याच्या आतच ठेवीत आलो.

आपल्या वर्गात लाकडी पाटी नाही, हे खरे. लाल शाई आहे. ‘घरमा’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तराखाली मी अनेक वर्षे ‘अशुद्ध’ असा शेरा दिला आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. तो शेरा चुकीचा होता. तो विद्यार्थी मराठी बिघडवून लिहीत नव्हता. दुसऱ्या एका व्यवस्थेचा नियम बिनचूक पाळीत होता. प्रमाण मराठीच्या परीक्षेत ‘घरात’ हेच हवे, याविषयी दुमत नाही. पण दोन व्यवस्था समोरासमोर मांडून शिकविले, तर सामान्यरूप म्हणजे काय, हे अहिराणीभाषक विद्यार्थ्यास इतरांहून लवकर उमगते, असा माझा अलीकडचा अनुभव आहे. ज्याच्या घरी ते नाही, त्याला ते दिसते.

डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्या कोशाने व व्याकरणविचाराने अहिराणीच्या अभ्यासास पाया मिळवून दिला आहे. अभाव आहे तो सीमारेषांच्या पाहणीचा. लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने धरणगावहून जळगावमार्गे आसोदा-भादलीपर्यंतची गावे घ्यावीत आणि प्रत्येक गावात तीन वयोगटांकडून चारच रूपे विचारावीत : ‘घरना’ की ‘घरचा’, ‘शे’ की ‘आहे’, ‘करस’ की ‘करतो’, ‘गया’ की ‘गेला’. चारही रूपे एकाच गावी पालटत असतील, तर ती दोन भाषांमधली रेघ म्हणावी लागेल. प्रत्येक रूप वेगळ्या गावी पालटत असेल, किंवा आजोबांच्या तोंडी एक आणि नातवाच्या तोंडी दुसरे असेल, तर वरील माझ्या मताची फेरतपासणी करावी लागेल.