समई आणि गाळ
(इफिस येथील मंडळीविषयी एक पाठ)

वाचावयाचे भाग : प्रेषितांची कृत्ये अ. १९, प्रकटीकरण २:१-७.

ग्रीक लोकांनी वसविलेले इफिस हे समुद्रकाठचे नगर आज तुर्कस्थानात भग्नावस्थेत पडले आहे. ते प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस आला नाही, व आपणांपैकी बहुतेकांसही येणार नाही. परंतु त्याच प्रकारचा बोध देणारे एक स्थळ आमच्या फणसवाडीपासून आगगाडीच्या वाटेवर आहे. ते म्हणजे वसईजवळचे सोपारे.

आम्ही तेथे मुळात अवशेष पाहण्यास गेलो नव्हतो. फणसवाडीतील एका चाळीत आमच्या मंडळीचे एक कुटुंब राहत असे. त्यांच्या खोलीत दर बुधवारी प्रार्थनासभा भरे. पुढे त्यांनी नालासोपाऱ्यास बिऱ्हाड केले. निरोप देताना "महिन्याभरात येतो" असे आम्ही म्हणालो, आणि त्या महिन्याची दोन वर्षे झाली. ह्या काळात आम्ही सभा घेतल्या, हिशेब ठेवले, उपदेश केले. तेवढे एक जाणे राहिले. अखेर गेलो, तेव्हा घरच्या आजीबाईंनी दार उघडले, पाणी दिले व शांतपणे म्हटले, "पाळकसाहेब, वाट पाहायची सवय मोडली होती."

दुपारी त्यांचा नातू आम्हांस जुना स्तूप दाखविण्यास घेऊन गेला. तेथील लोक त्यास बुरुड राजाचा कोट म्हणत आले आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तो उकरला, तेव्हा आत दगडी पेटी व तीत एकात एक ठेवलेले करंडे सापडले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात मातीच्या खापऱ्या होत्या. त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या असाव्यात असे मानतात. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्यास मिळाला. इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरप्रवासाच्या वर्णनात सोपारे व कल्याण ह्या बंदरांची नावे आहेत. म्हणजे पौल इफिसात शिकवीत होता, साधारण त्याच काळी आमच्या ह्या किनाऱ्याची कीर्ती ग्रीक खलाशांस ठाऊक होती. आज तेथे उभे राहिले असता बंदर दिसत नाही. खाडी गाळाने भरत गेली.

इफिसाचेही तसेच झाले. तेथे अर्तमीचे मंदिर होते, ते प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत गणले जाई. देमेत्रिय सोनाराने उठविलेली दंगल ज्या नाट्यगृहात शिरली, त्यात सुमारे २५,००० माणसे मावत. त्याच्या पायऱ्या आजही पाहावयास मिळतात. तेथून निघालेला रुंद रस्ता थेट बंदरास जाई. परंतु कैस्तर नदी दरवर्षी गाळ आणी. बंदर अनेक वेळा उपसले, तरी अखेरीस समुद्र मागे हटला. आज तो पाच किलोमीटरांहून अधिक दूर आहे. बंदर एका रात्रीत बुजले नाही. ४३१ साली बिशपांची मोठी परिषद भरली, तेव्हाही ते शहर नांदते होते.

गाळ हा त्या मंडळीस झालेला दंड होता, असे आम्ही म्हणत नाही. बंदर हे केवळ दृष्टांतादाखल घ्यावे. प्रभूने त्या मंडळीचे श्रम, धीर व खोट्या प्रेषितांची पारख ह्यांची वाखाणणी केली. दोष एकच दाखविला : पहिली प्रीती सुटली होती. कामे चालू होती, म्हणून उणीव कोणाच्या ध्यानात आली नसावी. प्रीती अशीच कणाकणाने बुजते. आज एक भेट राहते, उद्या एका आजाऱ्याची विचारपूस राहते. आणि ज्याच्याकडे आपण गेलो नाही, तो वाट पाहणे सोडून देतो. समई म्हणजे मंडळी, असा अर्थ १:२० मध्ये प्रभूने स्वतः सांगितला आहे. तेल संपलेली समई पितळेची असली, घासून लख्ख केली, तरी तिच्याने घरात उजेड पडत नाही.

प्रभू उपाय तीन सांगतो. आठवण करावी : आपण कोठून ढळलो. पश्चात्ताप करावा : आपल्या सबबी सोडून द्याव्या. आणि पहिली कामे पुन्हा करावी. तिसरी गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पूर्वीसारखे वाटेपर्यंत थांबा, असे तो सांगत नाही. पूर्वीसारखे करा, असे सांगतो. गाळ उपसावयाचा तर पहिली पाटी भरावी लागते.

त्या संध्याकाळी आजीबाईंच्या घरी आम्ही प्रार्थना केली. शेजारच्या दोघी येऊन बसल्या. निघताना आम्ही पुन्हा "येतो" एवढेच म्हटले नाही. वार ठरवून वहीत लिहिला.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न
१. इफिस येथील मंडळीच्या कोणत्या गुणांची प्रभूने वाखाणणी केली?
२. कामे चालू असता प्रीती कशी सुटते? आपल्या गावातील उदाहरण द्या.
३. आपली वाट पाहणे कोणी सोडून दिले आहे? त्याच्याकडे कोणत्या दिवशी जाल?