पोहण्याच्या हौदाचे पाणी हिरवे का होते?

प्रश्न : शेतातल्या घरी मुलांसाठी दहा हजार लिटरचा हौद बांधला. बोअरचे पाणी आठवड्यात हिरवे होते, ब्लिचिंग टाकूनही मुलांचे डोळे चुरचुरतात.
– एक वाचक, जवळा बाजार (जि. हिंगोली)

उत्तर : आधी सामू तपासा. तो ७.२ ते ७.८ हवा. आठच्या वर गेला की क्लोरीन असूनही जंतू नीट मरत नाहीत. डोळे बहुधा जास्त क्लोरीनने नव्हे, तर घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनने चुरचुरतात. म्हणून मुलांना आधी अंघोळ घालाच.

हिरवा रंग शेवाळाचा असतो, ते ब्रशने घासा. ताज्या ब्लिचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. एकदाच ३०० ग्रॅम बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी संध्याकाळी हौदात सोडा. उन्हात क्लोरीन उडून जाते. क्लोरीन ३ पीपीएमखाली येईपर्यंत कोणी उतरू नये. पुढे रोज ६० ग्रॅमपासून सुरुवात करा, क्लोरीन तपासायच्या पट्टीवर १ ते ३ पीपीएम दिसले पाहिजे. आपल्या काळ्या खडकातले पाणी बहुधा जड असते आणि ब्लिचिंगने चुना आणखी वाढतो, तेव्हा भिंतीवर पांढरे थर दिसल्यास द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट बरे. सामू उतरवायला आम्ल वापरलेत, तर ते आणि ब्लिचिंग किंवा हायपोक्लोराइट कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.